जर्मनीत कंपनी काढताय? आधी परवान्याचं बोलू

तुमचा प्रश्न वाचला. भोसरीत मोल्ड डिझाइनचं छोटं युनिट, दोन जर्मन गिऱ्हाइकं, तीसेक हजार युरोंची जमवाजमव, आणि मनात श्टुटगार्टजवळ कंपनी काढून बायकोमुलांसह इकडे यायचं. जीएमबीएच (म्हणजे इथली प्रायव्हेट लिमिटेड) काढू की यूजी (तिचंच कमी भांडवलाचं रूप), असं विचारलंत. मी आधी न विचारलेल्याचं उत्तर देते: कंपनी नोंदली म्हणून इथे राहायला मिळत नाही.

भोसरीत बसून तुम्ही जर्मन कंपनीचे शंभर टक्के मालक होऊ शकता, त्याला कुणाची हरकत नाही. पण इथे राहून ती चालवायची तर निवास कायद्याच्या कलम 21 खाली परवाना लागतो. तुमच्या धंद्याची इथे गरज आहे का, पैसा कुठून येणार, हे सगळं त्यात तपासतात. वय पंचेचाळीसच्या पुढे असेल तर म्हातारपणाची तरतूदही दाखवावी लागते. तुमची ती दोन गिऱ्हाइकं हीच खरी जमेची बाजू आहे. इतक्या किमतीचं काम देऊ, असं लेखी पत्र त्यांच्याकडून आणा. चकचकीत प्रेझेंटेशनपेक्षा त्याला वजन जास्त.

आता तुमचा प्रश्न. जीएमबीएचला 25,000 युरो भांडवल लागतं, त्यातले निदान 12,500 नोंदणीआधी खात्यात हवेत. हे पैसे अडकून पडतात असं अनेकांना वाटतं, तसं नाही. नोंदणी झाली की भाडं, कॉम्प्युटर, पगार यांवर ते खुशाल खर्च करा. फक्त उरलेले 12,500 तुमच्या डोक्यावर राहतात. कंपनी बुडाली तर ते खिशातून भरावे लागतात. यूजी 2008 मध्ये आली. ती कागदावर एका युरोत निघते, पण भांडवल 25,000 होईपर्यंत दरवर्षी नफ्याचा चौथा हिस्सा बाजूला ठेवावा लागतो. आणि एका युरोची कंपनी नोटरीच्या पहिल्या बिलातच गाळात जाते. माझं मत विचाराल तर, तुमच्याकडे पैसे आहेत आणि तुमचं गिऱ्हाईक जुन्या वळणाचं टूलरूमवालं आहे. लेटरहेडवर यूजी दिसली की त्याच्या कपाळावर आठी येते. जीएमबीएचच काढा.

नोटरी म्हटल्यावर कोर्टाबाहेर टेबल टाकून शिक्के मारणारा माणूस डोळ्यांसमोर आणू नका. इथला नोटरी करारनामा पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचून दाखवतो, कायदाच तसा आहे. सत्यनारायणाच्या पोथीसारखं हात जोडून ऐकायचं. माझं जर्मन बरं होतं, तरी तिसऱ्या पानानंतर मी फक्त मान हलवत होते. भाषा येत नसेल तर दुभाषा लागतो, त्याचा खर्च धरून ठेवा. ऑगस्ट 2022 पासून हे काम व्हिडिओवरही होतं, पण त्याला चिपवालं युरोपीय ओळखपत्र किंवा इथलं निवासकार्ड लागतं, म्हणजे तुम्हाला सध्या उपयोग नाही. मुखत्यारपत्र देऊन दुसऱ्याला बसवायचं असेल, तर ते मुंबईच्या जर्मन वकिलातीतून करता येईल का ते विचारा. भारतातली अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का, जर्मनी मानत नाही, त्यात पैसे घालवू नका.

खरी कसोटी पुढे आहे. नोटरीच्या सहीनंतर कंपनीच्या नावामागे ‘आय. जी.’ असं शेपूट लागतं, म्हणजे स्थापना चालू आहे. भांडवल भरायला खातं हवं, आणि परदेशात राहणाऱ्या संचालकाचं नाव ऐकलं की बँका थंड पडतात. माझ्या पहिल्या बँकेने पाच आठवडे कागद घोळवले आणि कारण न देता नाही म्हटलं. तोवर मी हौसेने ऑफिसचा करार करून बसले होते. नोंदणी होईपर्यंत कंपनीच्या नावाने जो सही करतो, तो स्वतःच्या खिशातून जबाबदार असतो, हे मला तेव्हा कळलं. म्हणून बँकेचा होकार आधी, नोटरीची तारीख नंतर.

नोंदणी झाली की आठवड्याभरात सरकारी वाटणारी पाकिटं येतील: गरुडासारखं चिन्ह, रजिस्टरचं नाव, शेकडो युरोंचं बिल. बहुतेक फसवणूक असते. खरं बिल कोणतं ते नोटरीला विचारूनच पैसे भरा.

कर साधारण 30 टक्के धरा: 15 टक्के कंपनीकर, त्यावर थोडा अधिभार, आणि गावागणिक बदलणारा व्यवसायकर. तो प्रत्येक गावाच्या गुणकावर ठरतो, गुणक मोठा तर कर जास्त. म्युनिकचा गुणक 490 आणि शेजारच्या ग्रुनवाल्डचा 240, म्हणून त्या चिमुकल्या गावात कंपन्यांच्या पाट्याच पाट्या! पण नुसत्या पत्त्याचा खेळ करू नका, करखातं काम खरोखर कुठून चालतं ते पाहतं.

कर-सल्लागार मात्र आतापासून शोधा, नवीन गिऱ्हाईक घ्यायला ते सहज तयार होत नाहीत.

भारताकडची बाजूही बघा. एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, पण परदेशी कंपनीत भांडवल घालणं म्हणजे ओडीआय, परदेशातली थेट गुंतवणूक. त्याचा फॉर्म बँकेमार्फत जातो आणि पुढे दरवर्षी 31 डिसेंबरपर्यंत अहवाल द्यावा लागतो. प्रवासखर्च म्हणून पैसे ढकलायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ओडीआय आधी केलेला सीए पुण्यात मिळेल. गिऱ्हाइकांची पत्रं आली की कळवा, परवान्याच्या अर्जात ती कशी मांडायची ते सांगते.