फाउंड्रीत भावाचा हात भाजला, मालक म्हणतो 'घरी बस, पगार देतो'. इएसआयचे (कर्मचारी राज्य विमा) पैसे कसे मिळतील?

ताई, पगाराच्या तोंडी शब्दावर थांबू नका. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझं बोट प्रेसमध्ये सापडलं तेव्हा मीही थांबलो होतो. दोन महिन्यांनी पगार बंद झाला, आणि अपघाताची कुठेच नोंद नव्हती.

म्हणून आधी नोंद. कारखान्याच्या अपघात रजिस्टरमध्ये तारीख, वेळ, मशीन किंवा भट्टी, जवळ कोण होतं ते लिहून घ्या आणि त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा. अपघाताचा अहवाल इएसआयकडे पाठवणं मालकाचं काम. तो टाळत असेल तर भावाने स्वतः शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्यावा, दुसऱ्या प्रतीवर पोच शिक्का घ्यावा. अर्ज कन्नडमध्ये लिहायला शेजारच्या मुलाची मदत घ्या, त्यात संकोच कसला!

उपचार खाजगीत सुरू असले तरी इएसआय डॉक्टरला लगेच दाखवा. कामावर जाता येत नाही तितक्या दिवसांचं सर्टिफिकेट त्यांच्याकडूनच लागतं. त्यावर रोजच्या सरासरी पगाराच्या 90 टक्के रक्कम बँक खात्यात येते. कामाच्या अपघाताला आधी किती महिने वर्गणी भरली ही अट नाही. भाऊ नवीनच लागला असेल तरी हक्क आहे. मालकाने वर्गणी भरली नसेल तरी भावाचा हक्क बुडत नाही, इएसआय ती मालकाकडून वसूल करते.

बोटं पूर्वीसारखी वळली नाहीत, तर कायमच्या अपंगत्वासाठी मेडिकल बोर्ड (डॉक्टरांच्या मंडळाची तपासणी) मागा. 'फिट' शिक्का बसला म्हणून तो हक्क संपत नाही.