गवंड्याने निवडणुकीला उभे राहावे का?

प्रश्न : ताई, मी बार्शी तालुक्यातला गवंडी. बारावी नापास झालो आणि बांधकामावर लागलो, तो आजवर तिथेच आहे. आता ग्रामपंचायतीची निवडणूक आली आहे. आळीतली पोरं म्हणतात, उभे राहा. घरचे म्हणतात, थापी धरणाऱ्याने खुर्चीचा नाद करू नये, ती ठेकेदारांची जागा. गवंडी कधी कुठे निवडून गेला आहे का? गेला असेल तर त्याने केले काय?

उत्तर : दादा, माझे वडील गवंडी होते आणि माझी सगळी नोकरी बांधकामांवर देखरेख करण्यात गेली. त्यामुळे तुमच्या घरच्यांचे म्हणणे मला चांगले ठाऊक आहे. आमच्या घरीही तेच म्हणत. पण गवंडी निवडून गेला आहे, आणि त्याने जे केले ते तुम्हाला नीट सांगावेसे वाटते.

फ्रान्सच्या मध्यभागी क्रूझ नावाचा गरीब मुलूख आहे. आपल्याकडे ऊसतोडीला टोळ्या निघतात, तसे तिथले गवंडी वसंत ऋतूत पॅरिसला निघत आणि थंडीत गावी परतत. मार्तँ नादो त्यांच्यातलाच. जन्म १८१५ चा. १८३० मध्ये, चौदाव्या वर्षी, तो वडिलांबरोबर बिगारी म्हणून पॅरिसला निघाला. वाटेचा मोठा भाग पायी. वडिलांनी घरच्यांचा विरोध मोडून त्याला चार अक्षरे शिकवली होती, तेवढीच शिदोरी. पुढे एका कामावर तो उंचावरून पडला आणि दोन्ही हात मोडले. बरा झाल्यावर पुन्हा कामाला लागला. दिवसभर काम करून रात्री तो सोबतच्या गवंड्यांना लिहायला-वाचायला शिकवी.

१८४९ मध्ये क्रूझच्या लोकांनी त्याला फ्रान्सच्या विधिमंडळात पाठवले. डिसेंबर १८५१ मध्ये राष्ट्राध्यक्ष लुई नेपोलियनने सगळी सत्ता बळकावली, तेव्हा नादोला अटक झाली आणि मग देशाबाहेर काढले गेले. आमदार राहिलेला हा माणूस लंडनमध्ये पुन्हा भिंती बांधू लागला. नंतर तिथल्या एका शाळेत त्याने फ्रेंच शिकवले. १८७० मध्ये परतला, क्रूझचा प्रशासक झाला आणि १८७६ पासून पुन्हा सभागृहात बसू लागला.

आता त्याने केले काय, ते ऐका. त्या काळी कामावर माणूस पडला, चिरडला, तर भरपाई मिळवण्यासाठी चूक मालकाची होती हे मजुराने कोर्टात सिद्ध करावे लागे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाने साक्षीदार कुठून आणायचे? सोबतचे मजूर त्याच मालकाकडे कामाला. नादोने १८८० मध्ये विधेयक आणले की हे ओझे मजुराच्या डोक्यावर ठेवू नका. ते लगेच मंजूर झाले नाही. समित्या, वाद आणि दोन्ही सभागृहांतल्या फेऱ्या यांत अठरा वर्षे गेली. ९ एप्रिल १८९८ ला कायदा झाला: अपघात कामावर झाला की चूक कुणाची हे न शोधता भरपाई मालकाने द्यायची. तोवर नादो निवडणूक हरून गावी परतला होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो वारला.

हा कायदा मला इतका जवळचा का वाटतो, तेही सांगते. एका इमारतीच्या कामावर परांचीचा बांबू सुटून एक बिगारी दुसऱ्या मजल्यावरून खाली आला. ठेकेदाराने हजेरीवही पुढे केली. तिच्यात त्या मुलाचे नावच नव्हते. ‘आमच्याकडे कामालाच नव्हता,’ म्हणाला. सकाळी त्याच मुलाला पाट्या वाहताना मी डोळ्यांनी पाहिले होते. भारतात नुकसानभरपाईचा कायदा १९२३ मध्येच झाला, पण नावच नसेल तर कायदा कुणाला लावायचा? जो स्वतः परांचीवर उभा राहिला आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. असा माणूस सभेत बसला तर पहिला प्रश्न हजेरीवहीचा विचारील. तुम्ही उभे राहावे असे मला वाटते, ते यासाठीच.

मग असे लोक इतके थोडे का? अक्कल कमी म्हणून नव्हे. रोजगाराचा खाडा कोण भरून देणार, ही अडचण आहे. नादोच्या काळी फ्रान्समध्ये सभासदाला दिवसाला २५ फ्रँक मिळत, म्हणून गवंडी तिथे बसू शकला. मेलबर्नच्या चार्ल्स जार्डिन डॉनचे तसे नव्हते. तो पाथरवट. मूळचा स्कॉटलंडचा, १८५३ मध्ये ऑस्ट्रेलियाला गेलेला. त्याच शहरातल्या पाथरवटांनी २१ एप्रिल १८५६ ला हत्यारे खाली ठेवून मोर्चा काढला आणि आठ तासांचा दिवस मिळवला. १८५९ मध्ये डॉन व्हिक्टोरियाच्या, म्हणजे मेलबर्न ज्यात येते त्या प्रांताच्या, विधानसभेत निवडून आला. सभासदांना पगार नव्हता. दिवसा तो दगड घडवी आणि रात्री सभागृहात बसे. ज्या संसद भवनात बसायचा त्याच्याच बांधकामावर दिवसा तो राबलेला होता. ही ओढाताण पाच वर्षे चालली. १८६६ मध्ये तो गेला, तेव्हा पंचेचाळिशी नुकती ओलांडली होती. व्हिक्टोरियात सभासदांना मानधन सुरू झाले ते त्यानंतर, १८७० च्या सुमारास.

इंग्लंडमध्ये हेन्री ब्रॉडहर्स्ट हा दुसरा पाथरवट. वेस्टमिन्स्टरच्या घड्याळाच्या मनोऱ्यावर त्याने काम केले, १८८० मध्ये त्याच इमारतीत खासदार म्हणून बसला आणि १८८६ मध्ये गृहखात्यात उपमंत्री झाला. तिथेही खासदारांना पगार नव्हता. तो १९११ मध्ये सुरू झाला, आणि ब्रॉडहर्स्ट त्याच वर्षी वारला.

आपल्याकडचे सांगायचे तर महात्मा फुले बांधकामाचे ठेकेदार होते. खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी साहित्य पुरवले, इंजिनीअर खात्यातल्या लबाड्यांवर परखड लिहिले आणि १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेत होते. ते गवंडी नव्हते, हे खरे. पण ठेकेदाराने कसे वागावे हे पाहायला त्यांच्याइतके दुसरे उदाहरण मला माहीत नाही. अलीकडचे हवे असेल तर पश्चिम बंगालच्या चंदना बाउरी. नवरा गवंडी, त्या स्वतः त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या. २०२१ मध्ये बांकुडा जिल्ह्यातल्या सालतोडा या राखीव मतदारसंघातून त्या आमदार झाल्या. प्रतिज्ञापत्रात स्वतःच्या नावे जेमतेम बत्तीस हजारांची मालमत्ता. त्या वेळी विधानसभेला एका उमेदवाराला ३० लाख ८० हजारांपर्यंत खर्चाची मुभा होती. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कळते, पक्ष पाठीशी नसता तर त्या अर्जापर्यंतही पोचल्या नसत्या.

आता तुमच्यापुरते. ग्रामपंचायतीच्या बैठकीचा भत्ता तुमच्या एका दिवसाच्या हजेरीच्या आसपासही जाणार नाही, म्हणून महिन्याला किती खाडे परवडतील हे आधी वहिनींबरोबर बसून ठरवा. दुसरे जास्त महत्त्वाचे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे ग्रामपंचायतीच्या कामात सदस्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हितसंबंध असला तर सदस्यत्व जाते. गटार असो, समाजमंदिर असो, शाळेची भिंत असो, निवडून आल्यावर त्या कामात पोटठेका घेऊ नका. विरोधक पहिल्यांदा तिथेच पाहतील. गावातली तुमची बरीचशी कमाई अशा कामांतून होत असेल तर हा तोटा मोठा आहे, तो डोळे उघडे ठेवून पत्करा.

आणि निवडून आलात तर एक काम पहिल्या महिन्यात करा. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार तो द्यायला टाळतात आणि बिगारी ग्रामसेवकाकडे खेटे घालत राहतो. गावातल्या प्रत्येक गवंड्याची, बिगाऱ्याची, सेंट्रिंगवाल्याची यादी करून ग्रामसभेत वाचा. बायकांची नावे विसरू नका. पाट्या वाहणाऱ्या बायकांची नावे सगळ्यात आधी गळतात.

प्रश्न : कामगार सत्तेवर बसला की कामगाराचे भले होते, हा भाबडेपणा नाही का? — एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : सर, तुमची शंका खरी आहे आणि इतिहास तिच्या बाजूने साक्ष देतो. कम्युनिस्ट पूर्व जर्मनीचे पुढारी पाहा. वॉल्टर उलब्रिख्ट सुतारकाम शिकलेले, विली श्टोफ गवंडी, एरिक होनेकर छपरे शाकारण्याचे काम शिकलेले. बांधकामाच्या हत्यारांशी इतकी ओळख असलेले सरकार क्वचितच झाले असेल. १९५३ च्या मे महिन्यात याच राजवटीने कामाचे ठरलेले प्रमाण दहा टक्क्यांनी वाढवले. काम जास्त, पैसे तेवढेच. १६ जूनला बर्लिनच्या श्टालिन आळे या रस्त्यावर इमारती बांधणाऱ्या मजुरांनी काम थांबवले आणि मोर्चा काढला. त्याच दिवशी वाढ मागे घ्यायची तयारी झाली, पण लोक तोवर बरेच पुढे गेले होते. १७ जूनला सोव्हिएत रणगाडे आले आणि माणसे मारली गेली. आठ वर्षांनी, ऑगस्ट १९६१ मध्ये, बर्लिनची भिंत घालण्याची जबाबदारी होनेकर यांच्याकडे होती.

नादो आणि होनेकर यांच्यात मला दिसणारा फरक असा. नादोला मत देणारे त्याला घरीही बसवू शकत होते, आणि १८८९ मध्ये त्यांनी बसवलेही. होनेकर यांना घरी बसवण्याची सोय पूर्व बर्लिनच्या गवंड्याकडे नव्हती. म्हणून बार्शीच्या त्या दादांना मी उभे राहा म्हणते, आणि त्यांच्या आळीला सांगते की दर ग्रामसभेला जा आणि त्यांना हिशेब विचारा, ते आपले असले तरी.