कबड्डी संघासाठी विश्लेषणाचं सॉफ्टवेअर बनवून घ्यावं की विकत घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जिल्हा पातळीवर खेळणारं मंडळ, पुरुष आणि कुमार असे दोन संघ, सामने मोबाइलवर चित्रित होतात, देणगीतून थोडा निधी जमलाय. एका विश्वस्तांचा इंजिनिअर पुतण्या म्हणतोय, विकत कशाला घेता, मी ॲप बनवून देतो. दुसरीकडे एका विक्रेत्याचं वार्षिक वर्गणीचं कोटेशन येऊन पडलंय.

मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी एका मंडळाच्या सामन्यांच्या नोंदी ठेवतो. म्हणजे खरं तर मी पुतण्याच्या बाजूनं बोलायला हवं. तरी सांगतो, ॲप बनवू नका. आणि कोटेशनवरही इतक्यात सही करू नका.

क्रिकेटवाल्यांचं बरं आहे. क्रिकशीट या संकेतस्थळावर आंतरराष्ट्रीय आणि लीग सामन्यांचा चेंडूगणिक डेटा फुकट मिळतो, गल्लीतल्या सामन्याचा धावफलकसुद्धा क्रिकहीरोज ॲपवर ठेवता येतो. कबड्डीत प्रो लीगचे आकडे बघायला मिळतात, पण तुम्हाला पुढच्या रविवारी ज्या संघाशी खेळायचंय त्याचे कोण देणार? ते तुम्हालाच व्हिडिओ बघून नोंदवावे लागणार. परदेशी सॉफ्टवेअरं मुख्यतः फुटबॉल, बास्केटबॉल, रग्बी डोळ्यापुढे ठेवून बनलेली. त्यामुळे 'आपल्या खेळाचं आपणच बनवू' हा विचार साहजिकच येतो.

पण नॅकस्पोर्ट किंवा लाँगोमॅचसारखी व्हिडिओ विश्लेषणाची साधनं आतून काय करतात ते बघा. व्हिडिओ चालू असताना तुम्ही एक बटण दाबता, त्या क्षणावर खूण पडते आणि मागचे-पुढचे काही सेकंद कापून तुकडा बाजूला ठेवला जातो. नंतर 'डाव्या कोपऱ्यातल्या बचावपटूनं केलेल्या सगळ्या पकडी दाखव' म्हटलं की एकामागून एक दिसतात. बटणांवर काय लिहायचं ते तुम्हीच ठरवता. कॉर्नर किक लिहा नाहीतर चढाई, त्याला फरक पडत नाही. व्हिडिओ न अडखळता मागेपुढे नेणं, तुकडे कापणं, फायली सांभाळणं या कंटाळवाण्या आणि अवघड कामांवर कुणीतरी बरीच वर्षं घालवलेली आहेत. पुतण्यानं ती पुन्हा घालवू नयेत. त्याला नोकरी लागेल, लग्न होईल, बदली होईल आणि फोनच्या पुढच्या अपडेटनंतर ॲप उघडेनासं झालं की फोन कुणाला करायचा?

विकत मिळत नाही ती गोष्ट वेगळीच आहे: बटणांची यादी, आणि प्रत्येक बटणाचा नेमका अर्थ. मंडळानं वेळ इथे घालवावा.

साधं उदाहरण घ्या. एक चढाईपटू निदान रेषा (चढाई वैध ठरायला ओलांडावी लागते ती) ओलांडून एकही गुण न घेता, रिकामा परत आला. ही चढाई यशस्वी की अयशस्वी? सरळ टक्केवारी काढलीत तर अयशस्वी. पण संघ पाच गुणांनी पुढे असेल, शेवटची तीन मिनिटं उरली असतील आणि संघाच्या सलग रिकाम्या चढायांतली ही पहिली किंवा दुसरी असेल, तर त्यानं प्रशिक्षकानं सांगितलं तेच केलं: तीस सेकंद खाल्ले आणि परतला. तीच रिकामी चढाई सलग तिसरी असेल तर तो बाद. तेव्हा प्रत्येक चढाईसोबत गुणफरक, उरलेला वेळ, तिसरी आहे की नाही आणि समोर बचावपटू किती, एवढं नोंदलंच पाहिजे. सहा किंवा सात असतील तर बोनस गुण उपलब्ध असतो; तीन किंवा कमी असतील तर तुमचा चढाईपटू सापडल्यावर प्रतिस्पर्ध्याला अव्वल पकडीचा जादा गुण जातो. या दोन परिस्थितींतल्या चढाया एका टोपलीत टाकून काढलेली सरासरी कुणाच्याही उपयोगाची नाही, मग ती कितीही रंगीत तक्त्यात दिसो.

पकडीत तर भांडणंच होतात. उजव्या कोपऱ्यातल्या बचावपटूनं घोटा धरला, कव्हरनं (कोपऱ्याच्या आतल्या बाजूच्या बचावपटूनं) धडक दिली, मग हात धरून उभ्या दोघांची साखळी येऊन पडली. पंच गुण देतात संघाला. तुम्ही श्रेय कुणाला देणार? आमच्याकडे नियम असा आहे की सुरुवात कुणी केली आणि शेवट कुणी केला, हे दोन वेगळे रकाने. सुरुवात करून सुटू दिलेल्या पकडीही नोंदायच्या, नाहीतर घाईनं झेपावणारा कोपरारक्षक कागदावर हिरो दिसतो. तुमचा नियम वेगळा असेल, हरकत नाही, पण तो लिहून ठेवा. मग दोघांना एकाच सामन्याची नोंद स्वतंत्रपणे करायला सांगा. जिथे दोघांचं जुळत नाही तिथे व्याख्या कच्ची आहे.

मोठे क्लबही याच रेषेवर काम विभागतात. इंग्लंडच्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबनं 2012 मध्ये इयान ग्रॅहम या भौतिकशास्त्रातल्या डॉक्टरेटवाल्याला नेमून संशोधन विभाग उभा केला, त्याचं कौतुक सगळीकडे होतं. पण सामन्यांचा कच्चा डेटा तेही बाहेरूनच घेत. घरात बनवली ती त्यातून अर्थ काढण्याची पद्धत. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगनं 2013-14 च्या हंगामात सगळ्या मैदानांवर खेळाडूंच्या हालचाली टिपणारे स्पोर्टव्हीयूचे कॅमेरे बसवले. तेव्हा कॅमेरे आणि डेटा तीसही संघांना सारखाच मिळाला, फरक राहिला तो त्याला विचारलेल्या प्रश्नांचा.

म्हणून पुतण्याला नाराज करू नका, त्याला छोटं काम द्या. एक गूगल शीट, एक ओळ म्हणजे एक चढाई. एका रकान्यात यूट्यूबवर चढवलेल्या व्हिडिओतला सेकंद, बाजूच्या रकान्यात सूत्र, ज्यानं थेट त्या क्षणी व्हिडिओ उघडणारी लिंक तयार होते. चाळीस मिनिटांच्या सामन्यात पूर्ण तीस सेकंदांच्या चढाया धरल्या तरी ऐंशी होतात, प्रत्यक्षात बऱ्याचदा जास्तच. एक हंगाम हे चालवून बघा. कंटाळून तिसऱ्या सामन्यालाच नोंदी थांबल्या, तर विकत घेतलेलं सॉफ्टवेअरही तसंच धूळ खात पडलं असतं आणि तुमचे पैसे वाचले. नोंदी टिकल्या, तुकडे कापण्यातच वेळ जातोय असं दिसलं, की मग विकत घ्या.

घेताना विक्रेत्याला पहिला प्रश्न हा: वर्गणी बंद केली तर आमच्या नोंदी कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये उघडणाऱ्या साध्या सीएसव्ही फायलीत आणि तुकडे साध्या व्हिडिओ फायलीत बाहेर काढता येतील का? ते तुमच्या समोर करून दाखवायला सांगा. किंमत डॉलर-युरोत असेल तर दरवर्षी रुपयांत आकडा हलणार, आणि वर 18 टक्के जीएसटी. हडल कंपनीचं स्पोर्ट्सकोड हे सॉफ्टवेअर ॲपलच्या मॅकवरच चालतं, म्हणजे लॅपटॉपचा खर्च वेगळा. 'एआय आपोआप सगळं ओळखतं' असं कुणी म्हणालं तर तुमच्याच मैदानातला मोबाइलचा व्हिडिओ द्या, आणि त्यातही साखळी पकडीचा. सहा जण एकावर पडल्यावर जर्सीचे क्रमांक माणसालाही दिसत नाहीत.

कुमार गटाच्या मुलांबाबत एक गोष्ट आत्ताच करा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. प्रवेश अर्जातच तसा मजकूर टाका. यूट्यूबवर 'अनलिस्टेड' ठेवलेला व्हिडिओ लिंक मिळेल त्या कुणालाही दिसतो, हेही पालकांना सांगा.

निधीतून आत्ता खर्च करायचाच असेल तर उंच ट्रायपॉड घ्या, मध्यरेषेच्या समोर, दोन्ही अंगणं एका चौकटीत येतील असा लावायला. आणि नोंदी ठेवणाऱ्या मुलाला किंवा मुलीला सामन्यामागे मानधन ठरवा. दुखापतीमुळे हंगामभर बाहेर बसलेला एखादा खेळाडू असेल तर त्याच्याइतका बारकाईनं व्हिडिओ दुसरं कुणी बघत नाही.