मन मारू की मत वाया घालवू?

या वेळी आलेली पत्रं वाचताना वाटलं की सगळ्यांनी आपापसात ठरवून लिहिलंय की काय, कारण वीसेक पत्रांतला प्रश्न घुमवून फिरवून एकच. त्यातली काही निवडली, बाकीच्यांनी उत्तर यातच शोधून घ्यावं.

सवाल: ताई नमस्कार. आम्ही कोथरूडला राहतो, घरात पाच मतं. विधानसभा आली की आमच्याकडे हमखास भांडण होतं, गेल्या वेळचं अजून नीट मिटलेलं नाहीये. सासऱ्यांचं म्हणणं, जो निवडून येण्यासारखा आहे आणि त्यातल्या त्यात बरा आहे, फोन उचलतो, ड्रेनेज तुंबलं तर माणूस पाठवतो, त्याला द्या. मुलगा 23 वर्षांचा, तो म्हणतो तुम्ही लोकांनी जन्मभर 'त्यातल्या त्यात बरा' निवडला म्हणून नदीचा नाला झाला आणि टेकड्या चालल्या, आता सगळं बदलू म्हणणाऱ्यालाच द्यायचं. सासरे म्हणतात तो पडणार, डिपॉझिट जाणार, मत वाया. मी मधल्यामधे. मला दोघांचंही पटतं आणि दोघांचाही राग येतो.
– वैतागलेली सून, कोथरूड

जवाब: सूनबाई, आधी ते डिपॉझिटचं. ते उमेदवाराचं जातं, तुमचं नाही. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं नाही पडली की विधानसभेचे 10,000 रुपये जप्त, बास. त्यासाठी सासऱ्यांनी बीपी वाढवून घ्यायचं कारण नाही.

आता 'मत वाया'. माझी आजी शुक्रवार पेठेत राहायची आणि 1957 च्या निवडणुकीची गोष्ट तिने मला पन्नासदा तरी सांगितली असेल, दर वेळी तेवढ्याच तावातावाने. लोकसभेला पुण्यात काँग्रेसकडून काकासाहेब गाडगीळ, समोर संयुक्त महाराष्ट्र समितीचे ना. ग. गोरे. काकासाहेब म्हणजे लहान असामी नव्हे, नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळात मंत्री होते, 1952 ला पुण्यातूनच निवडून आले होते, आणि गंमत बघा, संयुक्त महाराष्ट्र त्यांनाही हवाच होता, मुंबईचा निकाल मुंबईच्या रस्त्यावर लागेल असं त्यांनी लोकसभेत सुनावलं होतं. पण उमेदवारी कोणाची, तर ज्या पक्षाने 1 नोव्हेंबर 1956 ला मराठी-गुजराती एकत्र असं द्विभाषिक राज्य गळ्यात मारलं त्याच पक्षाची.

तेव्हा शिक्का मारायची पद्धत नव्हती. आडोशाला प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, तिच्यावर चिन्ह चिकटवलेलं, आणि मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. एकीवर काँग्रेसची बैलजोडी, दुसरीवर गोऱ्यांची झोपडी. आजी म्हणायची, "चिठ्ठी धरून उभी राहिले आणि हात आपसूक बैलजोडीकडेच गेला गं, मागच्या खेपेला तिथेच टाकलेली, माणूसही चांगला. मग म्हटलं चांगलाच आहे, पण या चांगल्या माणसाला हरवल्याशिवाय दिल्लीला कळायचं कसं." आणि टाकली झोपडीत. घरी येऊन आजोबांना सांगितलंच नाही म्हणे, दोन दिवस.

गोरे आले. पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसला लोळवलं, पण राज्यात सरकार काँग्रेसचंच राहिलं आणि मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण, जे स्वतः कराडला जेमतेम वाचले होते. म्हणजे तुमच्या सासऱ्यांच्या हिशोबाने समितीची सगळी मतं वायाच गेली, सत्ता कुठे आली? पण तीन वर्षांत, 1 मे 1960 ला, महाराष्ट्र झाला. आणि तो घडवून आणला कोणी, तर दिल्लीला न दुखावता, आकडे दाखवत, समजुती काढत त्याच यशवंतरावांनी. जहालांना पडलेली मतं मवाळाने मोजली आणि वरिष्ठांपुढे ठेवली, असं मी म्हणेन. त्यामुळे मुलाला सांगा की शेवटी काम मवाळाच्या हातून झालं, आणि सासऱ्यांना सांगा की तो मवाळ आपणहून जागचा हलला नव्हता.

पण थांबा, मुलगा लगेच उड्या मारेल म्हणून पुढचं. समितीत कम्युनिस्ट होते, समाजवादी होते, शेतकरी कामगार पक्ष होता, आंबेडकरांचं शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन होतं, एरवी एकमेकांच्या ताटाला ताट न लावणारे. त्यांना बांधून ठेवलं ते एका मागणीने, जी रिक्षावाल्यालाही एका वाक्यात सांगता येत होती. मागणी पूर्ण झाली आणि समिती विस्कटली, 1962 ला पुण्याची लोकसभेची जागा परत काँग्रेसकडे. तुमच्या मुलाचा उमेदवार 'सगळं बदलू' म्हणतो ना, त्याला विचारा, सगळं म्हणजे काय, आणि पहिल्या वर्षी काय. नदीचं म्हणशील तर मैलापाणी अडवायचं कुठे, टेकडीचं म्हणशील तर कुठला रस्ता थांबवणार. उत्तर आलं तर तो माणूस माझ्या मते मताच्या लायकीचा, पडणार असला तरी. उत्तराऐवजी भाषण आलं तर मात्र...

धाड्कन बदल करायचा आणि मग त्याकडे पाठ फिरवायची ही तर आपल्या पुण्याची खासियत. बीआरटी आठवते ना, बससाठी राखीव लेन? 2006 ला कात्रज-स्वारगेट-हडपसर, देशात पहिली. कल्पना एकदम बरोबर होती, मी आजही म्हणते बरोबर होती, रस्त्यावर पहिला हक्क बसचा. पण बस मधल्या लेनमधे, स्टॉपवर जायचं तर वाहत्या ट्रॅफिकमधून पळत जायचं, लेनमधे टू-व्हीलर घुसलेल्या, आणि सांभाळायला कोणी वालीच नाही. मी स्वतः हातात भाजीच्या दोन पिशव्या घेऊन त्या दुभाजकावर सात-आठ मिनिटं अडकलेय, ना इकडे ना तिकडे. नगर रोडवरचा मार्ग तर पुढे बराचसा उखडूनच टाकला. धाडस करणाऱ्याला झेब्रा क्रॉसिंगसारख्या कंटाळवाण्या गोष्टींचाही नाद लागतो, तो आहे का उमेदवाराला ते बघा.

आणि सासऱ्यांचं एक पूर्ण खरं आहे, मतं फुटतात. विधानसभेला ज्याला सगळ्यात जास्त तो आला, अर्ध्यापेक्षा जास्त लागतच नाहीत. म्हणून स्वतःला एवढंच विचारा की जे दोघं खरंच निवडून येऊ शकतात त्यांच्यात तुम्हाला फरक किती वाटतो. त्यातल्या एकाची मनापासून भीती वाटत असेल तर मन मारा आणि दुसऱ्याला द्या, त्यात कमीपणा काही नाही. पण दोघं आले काय गेले काय सारखेच वाटत असतील तर 'त्यातल्या त्यात' कशासाठी? माझं निरीक्षण विचाराल तर आपल्याकडे लोक गरज नसताना मन मारतात आणि वर त्याला प्रॅक्टिकल म्हणतात.

भांडण महापालिकेचं असेल तर मात्र सोप्पं आहे. चार जणांचा प्रभाग, म्हणजे तुम्हाला चार मतं, अ ब क ड. चारही एकाच चिन्हाला द्यावीत असं कुठे लिहिलंय? दोन सासऱ्यांच्या मताने द्या, एक मुलाच्या, एक स्वतःच्या. मी मास्तरीण असताना 2017 ला इलेक्शन ड्युटी केलीय, एक आजीबाई एकच बटण दाबून बाहेर आल्या, म्हटलं आजी अजून तीन राहिली, तर म्हणाल्या "अगो, मला एकच माहितीये, बाकीचे तुम्हीच बघा". त्यांना परत पाठवलं. बराच वेळ आत शांतता, मग एकदाची लांब बीप. त्या तीन मतांचं त्यांनी काय केलं कोण जाणे, पण मला अजून उत्सुकता आहे.

सवाल: आपण पुणेकरांना हा प्रश्न पडावा याचेच नवल वाटते. या शहरात नामदार गोखले होऊन गेले. मवाळपणा म्हणजे कणाहीनता नव्हे हे आपण वाचकांना ठणकावून सांगावे.
– निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ

जवाब: सर, पुण्यात हा विषय निघाला आणि टिळक-गोखले आले नाहीत असं कधी होईल? ठणकावते, पण तुम्हाला अर्धंच आवडेल.

मवाळ आणि जहाल ही माणसाची जात नाही, प्रश्नाप्रश्नावर बदलते. 1891 चं संमतिवयाचं बिल घ्या, मुलीचं संमतिवय दहावरून बारा करायचं, फक्त बारा, त्याला टिळकांचा विरोध, परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये म्हणून. आगरकर दुसऱ्या बाजूला. म्हणजे राजकारणातले जहाल तिथे 'जरा दमाने' म्हणत होते. आणि तुमचे गोखले, ज्यांच्या मंडळींवर 1907 ला सुरतेच्या काँग्रेसमधे जोडे-खुर्च्या उडाल्या, त्या गोखल्यांनी 1911 ला सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल मांडलं. 38 विरुद्ध 13 ने पडलं. आज वाचून वाटतं यात काय एवढं, पण शिक्षण मूलभूत हक्क व्हायला 2002 ची घटनादुरुस्ती लागली आणि कायदा लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. मवाळ माणसाने जवळजवळ शंभर वर्षं आधी मागितलं होतं आणि पडणार हे माहीत असून मागितलं होतं. तेव्हा कणा होता, कबूल. पण सर, आज जे स्वतःला मवाळ म्हणवतात त्यातल्या किती जणांनी पडणारं बिल मांडलंय, ते तुम्ही मला सांगा.

सवाल: तुमच्या पेठेतल्या गप्पा ठीक आहेत. आमचं गाव 2021 ला महापालिकेत घेतलं, 23 गावांत. टॅक्सची बिलं वेळेवर येतात, पाणी अजून टँकरचं. आमच्या सोसायटीत महिन्याचा मेंटेनन्स टँकरमधेच जातो. आणि शिकलेली माणसं सांगतात समजूतदार उमेदवार निवडा. अजून किती समजूतदारपणा करायचा आम्ही?
– टँकरग्रस्त

जवाब: तुमचा राग एकशेएक टक्के मान्य. आणि त्यात भर म्हणजे गावं घेतली 2021 ला आणि 2022 च्या मार्चात नगरसेवकांची मुदत संपली, पुढे जवळजवळ चार वर्षं प्रशासक. भांडायला नगरसेवकच नाही, ना मवाळ ना जहाल, आणि कोणी म्हणालं सुद्धा नाही की हे काय चाललंय. याच्याइतकं टोकाचं काही शहरात घडलं नसेल, पण झालं कसं तर एकदम शांतपणे.

तुमच्या ठिकाणी मी असते तर भांडणाराच निवडला असता. फक्त एक लक्षात ठेवा, नगरसेवक स्वतः पाइप टाकत नाही, कारभार आयुक्तांच्या हातात, नगरसेवकाचं हत्यार म्हणजे बजेट आणि सभागृहात लावून धरणं. 'महिन्यात नळाला पाणी' म्हणणारा खोटं बोलतोय. 'तुमच्या टाकीची जागा ताब्यात आहे का, लाइन कुठपर्यंत आलीय, यंदाच्या बजेटात तरतूद किती, ते दर महिन्याला बोर्डावर लावीन' म्हणणारा खरा जहाल. आणि तो पक्षाच्या चिन्हावर आला तर सभागृहात पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, त्याला लागू, विरोधात गेला तर पद जाऊ शकतं, तेव्हा व्हिप आला तर काय करशील हे सोसायटीच्या मीटिंगमधे सगळ्यांसमोर विचारा. एकट्यात विचारलंत तर सगळेच शूर असतात.

सवाल: सरळ नोटा दाबला तर?
– फर्स्ट टाइम व्होटर, कर्वेनगर

जवाब: विधानसभा-लोकसभेला नोटा 2013 पासून आहे पण निकालावर परिणाम शून्य, नोटाला सगळ्यात जास्त पडली तरी त्याच्या खालोखाल मतं असलेला उमेदवार येतो. महापालिकेला मात्र राज्य निवडणूक आयोगाने 2018 ला आदेश काढलाय, नोटा पहिला आला तर त्या जागेची निवडणूक पुन्हा. त्यामुळे दाबायचाच असेल तर तिथे दाब, आणि एकट्याने नको, अख्खी गल्ली घेऊन जा.

सवाल: एवढं सांगता, तुम्ही स्वतः कोणाला देता?
– उगाच विचारतोय, धनकवडी

जवाब: मत गुप्त असतं. तरी तुम्ही विचारलंच आहे तर महापालिकेच्या चारपैकी तीन सांगते: दोन मवाळांना, एक पडणार हे माहीत असलेल्या मुलीला, आणि ती पडलीही. चौथं नाही सांगणार, आमचे हे पण कॉलम वाचतात.