व्हॉट्सअ‍ॅपमुळे मत बदलतं का? पेठेतल्या फळ्यावर लिहिणाऱ्या पेंटरचं उत्तर

तुम्ही विचारलंय की टीव्ही आणि व्हॉट्सअ‍ॅपमुळे लोकांची मतं खरोखर बदलतात, की माणूस आधी मनात असतं तेच धरून बसतो.

माझ्या मते मत फारसं बदलत नाही, धीर वाढतो. जे बोलणं माणूस घरात, तेही दबक्या आवाजात करायचा, ते तो चौकात करायला लागतो. मोबाईलवर दहा जणांनी तेच पाठवलेलं असतं आणि त्याला वाटतं, सगळं गाव आपल्यासारखंच आहे. पण तुमचा प्रश्न वाचून मला आमच्या घरात घडलेली एक गोष्ट आठवली आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही.

मी कोल्हापूरचा. धंदा पेंटरचा. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, निवडणुकीच्या भिंती, सगळं हातानं. बाबूराव पेंटरांच्या गावात या कामाला मान होता. मग डिजिटल आलं (फ्लेक्सला आमच्याकडं डिजिटलच म्हणतात) आणि काम आटलं. एक काम मात्र सुटलं नाही. पेठेतल्या तालमीच्या भिंतीवर फळा आहे, तो १९९१ पासून मी लिहितो. कोण वारलं, रक्षाविसर्जन किती वाजता, नळाला पाणी कधी येणार, शाहू स्टेडियमवर सामना कुणाचा, आणि पावसाळ्यात पंचगंगा किती फुटांवर. पैसे नाहीत. मागितलेही नाहीत.

सुरुवातीला मी खाली नाव घालत नव्हतो. एका उन्हाळ्यात कुणाच्या तरी सांगण्यावरून लिहिलं, 'उद्या सकाळी सहाला पाणी येणार.' आलं नाही. पहाटेपासून रांगेत उभ्या राहिलेल्या बायका घागरी घेऊन तालमीत आल्या आणि वस्तादांना बोलल्या. त्या बिचाऱ्या माणसाचा काही संबंध नव्हता. संध्याकाळी वस्तादांनी मला बोलावलं. रागावले नाहीत. म्हणाले, "पाटी रंगवतोस तवा कोपऱ्यात तुझं नाव घालतोस न्हवं? मग हितं का न्हाई? कुणाला इचारायचं ते लोकांस्नी कळू दे की." दुसऱ्या दिवशी मी लिहिलं, 'पाण्याबद्दल काल लिहिलेले चूक होते', आणि खाली नाव घातलं. त्या दिवसापासून नावाशिवाय एक ओळ लिहिलेली नाही. नाव घालायचं म्हटलं की हात थांबतो, चार फोन जास्त करावेसे वाटतात. बातमीबद्दल मला जे कळतं ते सगळं तिथं शिकलोय.

आता २०१९ चा ऑगस्ट. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे इथं शाळेतलं पोरही सांगतं. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे पाण्यात. उपसा केंद्रं बुडाल्यामुळं चारी बाजूंना पाणी आणि नळ कोरडे. आणि टीव्ही लावावा तर दिल्लीच्या चॅनेलवर आम्ही कुठंच नव्हतो. ५ तारखेला ३७० कलमाची घोषणा झाली होती, दिवसरात्र तेच चाललं होतं. ६ तारखेच्या रात्री सुषमा स्वराज गेल्या, मग ते. दोन्ही बातम्या मोठ्या होत्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण अर्धा जिल्हा पाण्यात असताना देशाला ते माहीतच नव्हतं. ८ तारखेला सांगलीकडं ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, तेव्हा कुठं मोठे कॅमेरे इकडं वळले. जे दाखवलंच नाही, त्याबद्दल लोकांचं मत कुठून तयार होणार?

खात्रीची बातमी येत नव्हती, म्हणून आम्ही सगळे मोबाईलला चिकटलो होतो. ६ तारखेलाच, रात्री पाऊण वाजता, आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक आवाजाची क्लिप आली. दम लागलेला माणूस बोलतोय, "राधानगरी फुटलंय, तासाभरात पाणी गावात येतंय, वरच्या अंगाला पळा." नाव नाही, गाव नाही. पाठवली होती माझ्या थोरल्या चुलतभावानं, खाली त्याचे शब्द होते, 'सर्वांनी काळजी घ्या'.

आमची आत्ती शुक्रवार पेठेत राहायची. वय एकाहत्तर. पाणी तिच्या घराच्या दोन गल्ल्या खाली थांबलेलं, तिच्या उंबऱ्यापर्यंत येण्यासारखं नव्हतं. पण ती क्लिप तोपर्यंत प्रत्येक घरात पोचली होती. खालचे भाडेकरू ओरडत बाहेर पडले, त्यांनी तिलाही हाक मारली. लाईट गेलेली. अंधारात जिना उतरताना चौथ्या पायरीवरून ती पडली. खुब्याचं हाड मोडलं. चौघांनी खाटेवर घालून तिला वर रस्त्याला आणलं, मी पोचलो तेव्हा ती पावसात खाटेवर होती आणि कण्हत विचारत होती, "पाणी आलं काय रं?"

तिला दवाखान्यात पोचवल्यावर मी राधानगरीला एका मित्राला फोन लावला. तोही पेंटरच. झोपेतून उठून म्हणाला, "धरण जागच्या जागी हाय. दरवाजं उघडल्यात, एवढंच." आमच्या राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की दाबानं आपोआप उघडतात, उतरलं की मिटतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. धरण वाचावं म्हणूनच ते तसे केलेत. शाहू महाराजांनी मनावर घेऊन सुरू केलेलं ते काम. संध्याकाळी ग्रुपवर 'दरवाजे उघडले' असं आलं होतं. कुणाच्या तरी बोलण्यात त्याचं 'दरवाजे निखळले' झालं आणि रात्रीपर्यंत 'धरण फुटलं'.

तालमीपाशी दोन-अडीचशे माणसं पावसात उभी होती, पोरंबाळं काखेत. फळा वळचणीखाली होता म्हणून कोरडा होता. कुणीतरी बॅटरी धरली आणि मी लिहिलं, 'राधानगरी धरण सुरक्षित आहे. दरवाजे उघडले आहेत, धरण फुटलेले नाही. राधानगरीत फोन करून खात्री केली. पहाटे ३.४०.' खाली नाव. गर्दीतून एक म्हातारी म्हणाली, "पेंटरनं लिवलंय न्हवं? मग चला घरला." लोक घरी गेले. आयुष्यात बऱ्याच पाट्या लिहिल्या, पण त्या चार ओळींएवढा अभिमान मला दुसऱ्या कशाचा नाही.

दिवाळीत मी दादाला विचारलं, "क्लिप कुठनं आली तुझ्याकडं?" तो म्हणाला, "ग्रुपवर आल्ती. मी कुठं बनवली? मी फकस्त पुढं पाठवली." आणि वर, "खरं निघालं असतं तर? तूच म्हणाला असतास, दादानं सांगितलं न्हाई." तेव्हा मला लगेच उत्तर सुचलं नाही. उत्तर आत्तीनं दिलं, भिंतीला टेकून बसली होती ती. म्हणाली, "तुझं घर हितनं धा मिनिटांवर. धरण फुटलंय असं तुला वाटलं, तर मला न्यायला का आला न्हाईस?"

तो गप्प बसला. मला त्या दिवशी उमगलं की क्लिपवर त्याचा विश्वास पाठवण्यापुरता होता, अंथरुणातून उठण्याइतका नव्हता. पाठवलं की कर्तव्य केल्यासारखं वाटतं आणि माणूस कूस बदलून झोपतो. तुम्ही लोकांच्या मताबद्दल विचारलंय. मोबाईलवर फिरणारी बरीच मतं याच वजनाची असतात, असं माझं म्हणणं आहे. स्वतः त्यावर एक पाऊल टाकणार नाहीत, पण दुसऱ्याला जिन्यावरून पळवतील.

दादाचं दुसरं म्हणणं असं की, "पेपर तरी कुठं खरं छापायचे?" यावर आमची कितीतरी वर्षं भांडणं झालीत आणि इथं अर्धं त्याचं खरं आहे, हे मी लिहून देतो. कोल्हापूरचंच प्रकरण आहे. केसरी सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. संस्थानचे दिवाण बर्वे यांनी कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांच्याविरुद्ध कारस्थान केल्याचं दाखवणारी पत्रं टिळक-आगरकरांच्या हाती आली. महाराजांचे हाल होत होते, लोक चिडलेले होते, पत्रं खरी वाटली, छापून आलं. बर्व्यांनी फिर्याद केली. पत्रं बनावट निघाली. टिळक-आगरकर केवढी माणसं, पण तीही फसली, कारण जे खरं असावं असं वाटत होतं तेच कागदावर समोर आलं. पुढचं मात्र दादा सांगत नाही. दोघांनी चूक मान्य करून माफी मागितली. जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवस दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. पेपरावर नाव होतं म्हणून जबाब द्यायला माणूस सापडला. आमच्या क्लिपचा माणूस आजपर्यंत सापडलेला नाही, आणि ज्यानं ती घरात आणली तो म्हणतो मी फक्त पाठवली.

यातून काय होतं ते महाराष्ट्रानं पाहिलंय. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं ती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०२० मध्ये फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असं केलं. बरं केलं. पण आमच्या आत्तीला पाडायला एकच ग्रुप पुरला होता.

७ जून २०२३ ला आमच्या शहरात जे झालं तेही तुम्हाला माहीत असेल. काही पोरांनी मोबाईलवर ठेवलेल्या स्टेटसवरून बंद, दगडफेक, लाठीमार, मग इंटरनेट बंद. शाहू महाराजांच्या गावात हे व्हावं याची मला आजही लाज वाटते. इंटरनेट बंद केल्यानं अफवा थांबते असं म्हणणाऱ्यांना सांगतो, थांबत नाही, ती पायी चालायला लागते. त्या दिवशी लोक फळ्यापाशी येऊन मला विचारत होते, अमुक ठिकाणी काय झालं, तमुक मेला काय. मला माहीत नव्हतं, म्हणून फळा कोरा ठेवला. कोऱ्या फळ्यावरूनही दोघंतिघं माझ्याशी भांडले.

मोबाईल वाईटच असं माझं म्हणणं समजू नका, हे आधीच सांगायला हवं होतं. त्याच पुरात, त्याच ग्रुपांवरून, चिखलीत छपरावर अडकलेल्यांची ठिकाणं बोटवाल्यांना कळली. भाकरी, चादरी, औषधं कुठं हवीत ते कळलं आणि महाराष्ट्रभरातून टेंपो आले. २०२५ मध्ये नांदणीच्या मठातली माधुरी हत्तीण गुजरातला नेली, ती परत यावी म्हणून हजारो लोक कोल्हापूरपर्यंत चालत आले, ती हाक मोबाईलवरूनच गावोगाव गेली. आणि ज्याच्या हातात छापखाना नाही त्याचं काय, हा प्रश्न तर फार जुना आहे. १९२० मध्ये बाबासाहेबांच्या मूकनायकाची जाहिरात पैसे देऊनही केसरीनं छापली नाही. त्या पत्राला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, म्हणून ३१ जानेवारीला पहिला अंक निघू शकला. आज तसं कुणाच्या दारात जावं लागत नाही, ही मोठी गोष्ट आहे. पण मूकनायकावरही संपादकाचं नाव असायचं.

तर तुम्ही काय करावं? मेसेज खरा की खोटा हे शोधायला प्रत्येकाला जमत नाही, मलाही जमत नाही. पाठवणाऱ्याला फोन करा. "हे तू कुणाकडनं ऐकलंस? त्याला फोन केलास का?" एवढं विचारा. दोन माणसांपलीकडं मेसेज बहुतेक वेळा नावाशिवाय लोंबकळत असतो. आणि संकटाचा मेसेज घरच्या माणसाला पाठवावासा वाटला तर मोबाईल खिशात घालून आधी त्याच्या दारात जा.

आत्ती २०२२ मध्ये गेली. पडल्यापासून जाईपर्यंत तिला अंबाबाईच्या देवळापर्यंत चालत जाता आलं नाही, आणि त्याआधी तिचा एक शुक्रवार चुकलेला नव्हता. तिच्या रक्षाविसर्जनाची वेळ फळ्यावर मीच लिहिली. दादा आला होता, रडलाही. तो वाईट माणूस नाही आणि आत्तीवर त्याचा जीव होता. पण ज्या ग्रुपवर त्यानं ती क्लिप टाकली तो ग्रुप अजून आहे, क्लिपही तिथंच आहे, आणि तिच्या खाली आजवर कुणी काही लिहिलेलं नाही. मला त्याच्याकडून दुसरं काही नको. दादा, 'हे खोटं होतं, मी पाठवलं होतं' एवढं त्या क्लिपखाली लिही आणि पुढं तुझं नाव घाल.