वाचकांचे प्रश्न : जुनी डीयूआयची केस आणि कॅनडाची सहल

प्रश्न : 2013 साली वॉशिंग्टन राज्यात माझ्यावर डीयूआयची, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याची, केस झाली. गुन्हा कबूल केला, दंड भरला, पाच वर्षांचं प्रोबेशन (कोर्टाच्या देखरेखीचा काळ) 2018 च्या मार्चमध्ये संपलं. आता मी अमेरिकन नागरिक आहे. मित्रांबरोबर कॅनडातल्या व्हिसलरला स्कीइंगला जायचंय. गाडी मित्र चालवणार, मी मागे बसणार. मग अडचण येऊ नये ना?
– एक वाचक, बेलव्ह्यू

उत्तर : अडचण येऊ शकते. अशा गुन्ह्यापायी कॅनडा प्रवेश नाकारू शकतो, गाडी कोण चालवतंय याला इथे महत्त्व नाही. विमानाने गेलात किंवा टोरोंटोला फक्त विमान बदललंत, तरी हाच नियम. पासपोर्ट स्कॅन झाला की कॅनडाच्या सीमा अधिकाऱ्याला एफबीआयच्या नोंदी दिसू शकतात, आणि अमेरिकन नागरिकत्वाने त्या पुसल्या जात नाहीत.

वॉशिंग्टनच्या कोर्टाने गुन्ह्याला ‘मिसडिमीनर’, म्हणजे किरकोळ गुन्हा, म्हटलं असेल, पण कॅनडा ते नाव बघत नाही. हेच कृत्य कॅनडात घडलं असतं तर कोणता गुन्हा ठरला असता, एवढंच बघितलं जातं. म्हणूनच वकिलाने खटपट करून डीयूआयचं ‘रेकलेस ड्रायव्हिंग’ करून घेतलं असलं, तरी माणूस सुटला असं समजू नये.

तुमच्या बाबतीत तारीख मात्र अनुकूल आहे. 18 डिसेंबर 2018 पासून कॅनडाने दारू पिऊन गाडी चालवण्याची कमाल शिक्षा 5 वर्षांवरून 10 वर्षांवर नेली आणि हा गुन्हा ‘गंभीर’ वर्गात गेला. तुमचा त्याआधीचा आहे. असा एकच गुन्हा असेल, तर शिक्षा पूर्ण झाल्यापासून 10 वर्षांनी माणूस अर्ज न करता सुधारलेला मानला जातो. ही वर्षं निकालाच्या तारखेपासून मोजायची नाहीत. प्रोबेशन, दंडाचा शेवटचा हप्ता, कोर्टाने घातलेली वाहनबंदी यांत जे सर्वांत शेवटी संपलं, तिथून मोजायची. सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. तुमचं बाकी सगळं प्रोबेशनआधी संपलं असेल, तर तुमची तारीख मार्च 2028 येते. तेव्हाही कोर्टाचे कागद सोबत ठेवा, कारण दहा वर्षं झाली हे सीमेवर तुम्हालाच दाखवावं लागेल.

त्याआधी जायचं असेल, तर ‘क्रिमिनल रिहॅबिलिटेशन’चा, म्हणजे आपण सुधारलो हे कॅनडाकडून मान्य करून घेण्याचा, अर्ज करता येतो. त्याला शिक्षा संपून 5 वर्षं झालेली लागतात, म्हणजे तुम्ही पात्र आहात. फॉर्म आयएमएम 1444 भरा. त्यासोबत आरोपपत्र, निकाल, त्या वेळच्या कलमाची प्रत, शिक्षा पूर्ण झाल्याचा पुरावा, एफबीआयचा अहवाल आणि राज्य पोलिसांचा दाखला जोडा. वयाच्या अठराव्या वर्षानंतर ज्या-ज्या देशात सहा महिने किंवा जास्त राहिलात, तिथलाही दाखला लागतो. त्यामुळे भारतातलं पोलीस क्लिअरन्स आधीच मागवा. अर्ज अडकतो तो बहुतेक अशाच एखाद्या कागदापायी. शुल्क तुमच्या वर्गासाठी सुमारे 240 कॅनेडियन डॉलर, गंभीर वर्गासाठी सुमारे 1,200. निर्णयाला वर्षाहून जास्त लागू शकतं, तेव्हा या हिवाळ्याचं हॉटेल त्या भरवशावर ठरवू नका.

प्रश्न : मी अमेरिकेत एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. 2023 मध्ये न्यू जर्सीत डीडब्ल्यूआय (डीयूआयचंच इथलं नाव) झाली. वकील म्हणाले, इथे हा वाहतुकीचा गुन्हा आहे, फौजदारी नाही. आई-बाबा पुण्याहून येताहेत, त्यांना नायगारा कॅनडाच्या बाजूने दाखवायचा आहे.
– एक वाचक, एडिसन

उत्तर : वकिलांचं म्हणणं न्यू जर्सीपुरतं खरं आहे. कॅनडाच्या लेखी मात्र तुमचा गुन्हा डिसेंबर 2018 नंतरचा, म्हणून गंभीर. त्याला दहा वर्षांची आपोआप माफी नाही. शिक्षा संपल्यावर 5 वर्षांनी रिहॅबिलिटेशन मागायचं, किंवा तोवर तात्पुरता परवाना, म्हणजे टीआरपी. हा परवाना जास्तीत जास्त तीन वर्षांचा मिळू शकतो, पण पुन्हा प्रवेशाची मुभा आधी घेतलेली नसेल तर कॅनडाबाहेर पाऊल टाकताच तो संपतो. शिवाय तुम्हाला यायची गरज किती आणि तुमच्यापासून धोका किती, हे अधिकारी तोलतो. धबधबा बघायचाय हे त्या तराजूत फार हलकं कारण आहे.

भारतीय पासपोर्ट आणि एच-1बी असल्यावर कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतोच. त्या फॉर्ममध्ये फक्त शिक्षेबद्दल विचारत नाहीत. अटक झाली होती का, आरोप ठेवला होता का, हेही विचारतात. तिथे ‘नाही’ लिहिलंत आणि ते उघड झालं, तर खोट्या माहितीबद्दल पाच वर्षांची बंदी लागते.

मला त्याहून मोठी काळजी तुमच्या परतीची वाटते. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल गेल्या पाच वर्षांत अटक झाली असेल, तर अमेरिकेचं परराष्ट्र खातं पासपोर्टमधला व्हिसा रद्द करू शकतं. अमेरिकेत आहात तोवर त्याने राहणं-नोकरी सहसा थांबत नाही. देश सोडला की परत येण्याआधी नवा व्हिसा घ्यावा लागतो, आणि त्यासाठी वकिलातीच्या ठरलेल्या डॉक्टरकडून तपासणीही करावी लागते. मुदत संपलेल्या व्हिसावर कॅनडातून तीस दिवसांत परतण्याची सवलत आहे, रद्द झालेल्या व्हिसासाठी तिच्यावर विसंबू नका. व्हिसा रद्द केल्याची ईमेल आली आहे का, हे आधी शोधा. अशा ईमेल पुष्कळदा स्पॅममध्ये सापडतात.

म्हणून स्पष्ट सांगतो, या खेपेला तुम्ही जाऊ नका. अमेरिकेच्या बाजूने मेड ऑफ द मिस्ट आहे, गोट आयलंड आहे, केव्ह ऑफ द विंड्समध्ये तर पाण्याच्या अगदी जवळ जाता येतं. आई-बाबांकडे कॅनडाचा व्हिसा आणि अमेरिकेचा मल्टिपल एंट्री व्हिसा असेल, तर ते दोघं रेनबो ब्रिजवरून चालत जाऊन येऊ शकतात.

प्रश्न : मी पुण्यातच राहतो. 2022 मध्ये नाकाबंदीत ड्रंक अँड ड्राइव्हमध्ये सापडलो, कोर्टात दंड भरला. मुलीकडे कॅल्गरीला जाऊन बँफ बघायचंय. हे सांगावं लागेल?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : हो. पण तुमच्या ब्रेथ ॲनालायझरच्या स्लिपवरचा अल्कोहोलचा आकडा आधी बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल असलं की गुन्हा होतो. कॅनडाच्या फौजदारी कायद्यात ही मर्यादा 80 आहे. तुमचा आकडा 45 किंवा 60 असेल, तर मर्यादा ओलांडण्याचा गुन्हा कॅनडात झालाच नसता, असं मांडता येतं. गाडी डुलत होती, अपघात झाला, असं काही पंचनाम्यात असेल तर मात्र हा मुद्दा लंगडा पडतो. ब्रेथ ॲनालायझरची स्लिप, कोर्टाच्या आदेशाची प्रमाणित प्रत आणि दंडाची पावती मिळवा, इंग्रजी भाषांतर करून घ्या आणि व्हिसाच्या अर्जासोबत खुलाशाचं पत्र जोडा. आकडा 80 किंवा वर असेल, तर आधी कॅनडाच्या इमिग्रेशन वकिलाला कागद दाखवा.

प्रश्न : सिएटलहून अलास्का क्रूझ घेतली तर कॅनडा टळतो का?
– एक वाचक, डॅलस

उत्तर : टळत नाही. परदेशी झेंड्याच्या जहाजाला अशा फेरीत एका परदेशी बंदरात थांबावंच लागतं, आणि ते बहुधा व्हिक्टोरिया असतं. बोटीवरून न उतरण्याचा बेत असला तरी तुमचं नाव यादीत असतं. बेलिंगहॅमहून केचिकनला जाणारी अलास्का सरकारची फेरी मात्र कॅनडात थांबत नाही.

प्रश्न : आणि सीमेवरच्या तळ्यात मासेमारी?
– तोच वाचक

उत्तर : कॅनडाच्या पाण्यातून न थांबता जाऊन परत आलात, नांगर टाकला नाही, किनाऱ्याला किंवा दुसऱ्या बोटीला लागला नाहीत, तर 2017 पासून कॅनडाच्या कस्टम्सकडे नोंद द्यावी लागत नाही. गळ टाकायला नांगर सोडलात की ही सूट संपली. तेव्हा नकाशा किंवा जीपीएस बघून अमेरिकेच्या बाजूलाच राहा.