'स्वमग्न' या शब्दातील 'मग्न'

नाशिकच्या सिडको भागातील एका प्राथमिक शाळेच्या शिक्षिकांनी विचारलेला प्रश्न असा आहे. पालकांसाठी त्या एक माहितीपत्रक तयार करीत आहेत. त्याच्या मसुद्यात 'स्वमग्न मुले' हे शब्द वाचून एका विद्यार्थ्याच्या आजी त्यांना म्हणाल्या, "स्वमग्न म्हणजे आपलंच बघणारा ना? माझा नातू तसा नाही हो, बाई." तेव्हा हा शब्द चुकीचा आहे का, त्याऐवजी सरळ 'ऑटिझम' हे त्या अवस्थेचे इंग्रजी नाव लिहावे का, आणि 'ग्रस्त', 'गतिमंद' हे शब्द चालतील का, असे त्यांनी विचारले आहे.

आजींचा आक्षेप मला अगदी रास्त वाटतो. 'मग्न' हे संस्कृतातील 'मस्ज्' म्हणजे बुडणे या धातूपासून झालेले रूप आहे. 'मज्जन', 'निमज्जन' हे शब्द त्याच घरातले. पर्वणीच्या दिवशी रामकुंडात भाविक जी बुडी मारतात, तेही मज्जनच. रोजच्या मराठीत मात्र 'मग्न' म्हटले की सुखाची छटा येते. भजनात मग्न, वाचनात मग्न, असे आपण म्हणतो तेव्हा तो माणूस आपखुशीने बुडालेला असतो आणि हाक मारली की वर येतो, हे आपण धरूनच चालतो. त्याच्यामागे 'स्व' लागला की 'आत्मकेंद्री', 'स्वार्थी', 'आपमतलबी' ही सगळी मंडळी शेजारी येऊन बसतात. या दोन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे स्वतःची इच्छा. त्यामुळे ज्या मुलाला आपण 'स्वमग्न' म्हणतो, त्याने मनात आणले तर तो बाहेर येईल, असा समज शब्दाबरोबरच घरात शिरतो. "मुद्दाम लक्ष देत नाही" हे वाक्य आणि 'कोषातून बाहेर काढले' ही वर्तमानपत्री शब्दयोजना, दोन्ही त्याच समजातून आलेली आहेत.

हा दोष मराठी प्रतिशब्द घडवणाऱ्यांचा नाही, कारण त्यांनी मूळ शब्दाचे प्रामाणिक भाषांतर केले. ग्रीक भाषेत 'ऑटोस' म्हणजे स्वतः. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी 1911 च्या सुमारास 'ऑटिझम' हा शब्द योजला, तो स्किझोफ्रेनिया या मनोविकाराच्या रुग्णांचे बाहेरच्या जगापासून तुटून आपल्यातच राहणे सांगण्यासाठी. पुढे 1943 मध्ये अमेरिकेत बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 11 मुलांचे वर्णन करताना हाच शब्द उसना घेतला, आणि 1944 मध्ये व्हिएन्नात बालरोगतज्ज्ञ हान्स आस्पर्गर यांनीही तोच वापरला. अर्थात हे नाव मुलाला आतून काय जाणवते यावरून पडलेले नाही. तो बाहेरून पाहणाऱ्याला कसा दिसला यावरून पडलेले आहे. त्याची किंमत कुटुंबांनी मोजली. मूल स्वतःत शिरले असेल तर त्याला आत ढकलणारे कोणीतरी असले पाहिजे, असा तर्क पुढे निघाला आणि काही दशके आईच्या थंडपणाला दोष दिला गेला. स्वतः अशा मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी 1964 मध्ये त्याचा सविस्तर प्रतिवाद केला. ऑटिझम ही मेंदूच्या जडणघडणीतील वेगळेपणाची अवस्था आहे आणि ती संगोपनामुळे होत नाही, हे आता निर्विवाद आहे. आपल्याकडे मात्र "आईने मोबाईल दिला म्हणून झालं" हे वाक्य अजून ऐकू येते, आणि ते ऐकणाऱ्या आईचा चेहरा मी पाहिलेला आहे.

प्रत्यक्ष मुलाकडे पाहिले तर 'मग्न' किती अपुरा आहे ते कळते. आमच्या शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलाला ऑटिझम आहे. गणपतीच्या मिरवणुकीत आपला नाशिक ढोल सुरू झाला की तो दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. बघणारे म्हणतात, याला कशाचेच भान नाही. घरी आल्यावर तो आईला सांगतो की एका ताशाचा आवाज वेगळा येत होता. त्याच्यापर्यंत जग पोहोचत नाही असे नाही, ते फार पोहोचते. आवाज, उजेड, कपड्याचा स्पर्श यांची अशी तीव्र जाणीव आता निदानाच्या निकषांतही समाविष्ट आहे.

याच मुलाच्या बोलण्यातील एक गोष्ट भाषेच्या अंगाने फार मोलाची आहे. तहान लागली की तो "तुला पाणी हवं?" असे म्हणतो, आणि आईने हाक मारली की "आलेच हं" असे उत्तर देतो. पहिल्या वाक्यात 'मी'च्या जागी 'तू' आहे, दुसऱ्यात मुलाच्या तोंडी स्त्रीलिंगी क्रियापद आहे, कारण दोन्ही वाक्ये त्याने आईकडून ऐकली तशी अख्खी उचललेली आहेत. सर्वनामांची ही अदलाबदल कॅनर यांनीही नोंदवली होती. आपण तिला चटकन 'पोपटपंची' म्हणतो. पण पोपटपंचीत अर्थ नसतो, आणि इथे तहान आहे, हाकेला ओ आहे.

'ग्रस्त' हा शब्द मात्र मी सरळ काढून टाकीन. 'ग्रस्' म्हणजे गिळणे. 'ग्रास' म्हणजे घास आणि ग्रहणातील 'खग्रास' हे शब्द त्यातूनच आले. 'स्वमग्नताग्रस्त' लिहिताना आपण एकाच मुलाला आधी बुडवतो आणि मग गिळायला देतो. दुष्काळग्रस्त, पूरग्रस्त हे योग्य आहे, कारण तिथे संकट बाहेरून कोसळते. 'पीडित' आणि 'रुग्ण' हे शब्दही याच कारणाने टाळावेत.

'गतिमंद' हा शब्द 'मतिमंद'ची धार कमी करण्यासाठी रूढ झाला, हेतू चांगलाच होता. पण तो ऑटिझमचा प्रतिशब्द नव्हे. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझमचा उल्लेखच नव्हता. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांची नोंद वेगवेगळी आहे. एकाच मुलात यांपैकी दोन असू शकतात, पण एकाचे नाव दुसऱ्याला देता येत नाही. एडीएचडीचेही, म्हणजे लक्ष टिकवण्याची अडचण आणि अतिचंचलता यांचेही, तसेच. 'विशेष मुले' या छत्राखाली सगळे एकत्र आले की शिक्षकाला उपयोगी पडणारी माहितीच हरवते.

ऑटिझमला जोडून येणाऱ्या 'स्पेक्ट्रम'साठी 'वर्णपट' चांगला शब्द आहे, फक्त त्याची शिडी करू नये. 'थोडासा ऑटिझम', 'जास्त ऑटिझम' असे मोजण्यापेक्षा बोलणे, आवाज, बदल, मैत्री यांपैकी कुठे किती मदत लागते ते लिहावे.

मोठ्या माणसांना आपण 'एककल्ली', 'घुम्या', 'तऱ्हेवाईक', 'माणूसघाणा' म्हणत आलो. त्यांतील काहींना चाळिशीत, स्वतःच्या मुलाच्या निदानानंतर, आपल्यालाही हेच आहे असे कळते. ऑटिझम बालपणाबरोबर संपत नाही, तेव्हा पत्रकात 'मुले' या शब्दाजवळ 'व्यक्ती' हा शब्दही असावा.

हिंदीत 'स्वलीनता' आणि 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याच्या नावातील 'स्वपरायणता' हे पर्याय आहेत. त्यांतही 'स्व' आहेच, तेव्हा तिकडून उसने आणून काही साधत नाही. माझे मत असे, की 'स्वमग्नता' हे नाम रूढ आहे, ते एकदा द्यावे आणि पुढे 'ऑटिझम' लिहावे. 'स्वमग्न' हे विशेषण मुलाला चिकटवू नये. कोणी प्रौढ स्वतःला 'ऑटिस्टिक' किंवा 'स्वमग्न' म्हणवत असेल तर त्याचा शब्द राखावा. पत्रकातील वाक्य असे लिहिता येईल: "आपल्या शाळेत ऑटिझम, म्हणजे मराठीत ज्याला स्वमग्नता म्हणतात, असलेले विद्यार्थी आहेत. त्यांना हाक ऐकू येते. उत्तर द्यायला त्यांना वेळ लागू शकतो, तेवढा थांबावा." आणि छापण्यापूर्वी ते त्या आजींना एकदा वाचून दाखवावे.